बबीची उसनी आत्या

जिनं माझ्या तिसऱ्या लेकीचं नाव ठेवलं, ती बाई माझ्या नात्याची नाही आणि गावचीही नाही. कासारवाडीला रेल्वेरुळांच्या अलीकडे तिचा मळा होता. मळ्याच्या कडेला, गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली होती, तिच्यात आम्ही भाड्यानं राहत होतो. तिचं नाव मी लिहीत नाही. ती हयात आहे, आता ज्या घरात आहे तिथं माणसं पुष्कळ आहेत, आणि माझ्यापायी तिला एकदा जे ऐकून घ्यावं लागलं तेवढं पुरे झालं. पण काय घडलं ते सांगण्याआधी तिचं सांगायला हवं. आमच्या घरात ही हकीकत निघाली की नेमकं तिलाच वगळतात, किंवा मग सगळं खापर तिच्यावर फोडतात. मधलं कुणी बोलत नाही.

तिला मी तेव्हा आक्का म्हणायचे. गोड बोलणारी बाई नव्हती. विहिरीवरून एखादी घागर जास्त नेली की मळ्यातून आवाज यायचा, "काय गं, बार्शीला समुद्र हाय का तुमच्या? पानी किती नासायचं ते!" कंदील दाराशी ठेवला तर धावत यायची, "गंज पेटवतीस का माझी?" मी थापलेली गोवरी हातात घेऊन उलटीपालटी करायची आणि म्हणायची, "ही गवरी हाय का भाकर? चुलीत घालायची का ताटात?" पहिले कित्येक महिने मी तिला भीतच होते. संध्याकाळी ती धारा काढायला गोठ्यात आली की मी हळूच दार लोटून घ्यायचे.

आम्ही बार्शीकडचे. गावी यांच्या थोरल्या भावाचं किराणा दुकान होतं, त्यात दोन संसार निघत नव्हते. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहतायत, माणसं घेतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून हे आले, आणि काम लागल्यावर मला नि दोन मुलींना घेऊन आले. शिफ्टचं काम होतं. भोंगा झाला की हे निघायचे. मग दिवसभर मी, मुली, गोठ्यातल्या म्हशी आणि मधूनमधून जाणारी आगगाडी. गाडी गेली की पत्रा थरथरायचा. थोरली टाळ्या वाजवायची आणि धाकटी माझ्या पदरात तोंड लपवायची. मी धाकटीसारखीच होते. मला कशाचीही भीती वाटायची. दूध फाटलं तरी वाटायचं, आता काहीतरी होणार.

तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी जायचं म्हणून मी भावाला निरोप पाठवला. आई नव्हती, वडील थकले होते, घर भावाच्या हातात होतं. त्याचा उलट निरोप आला की घरात जागा नाही, बायकोला जमणार नाही. हा तोच भाऊ, जो व्हावा म्हणून माझं नाव तसलं ठेवलं होतं. ते पुढे सांगते.

मग बाळंतपण त्याच खोलीत झालं. कळा सुरू झाल्या तेव्हा हे कामावर होते. मी भिंतीवर थाप मारली, आणि ज्या आक्काला मी दार लोटून टाळत होते तीच शेणाचे हात धूत आली. माणूस धाडून तिनं पिंपरी गावातली सुईण बोलावली आणि स्वतः माझ्या मागे बसून मला धरून राहिली. सुईण म्हणाली, "मुलगी." मी डोळे मिटून घेतले. आक्का म्हणाली, "डोळं कशाला मिटतीस? तुझीच हाय, चोरीची न्हाई."

हे आले तेव्हा बाहेरच उभे राहिले. आक्कानं दारातून सांगितलं, "लक्षुमी आली." हे म्हणाले, "बरं." आणि पाय धुवायला विहिरीवर गेले. इतका वेळ पाय धुताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. थोरली जाऊन बोलवून आली तरी आले नाहीत.

बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. नणंद आली नव्हती. बाळाची आत्या तीच, पाळण्यात नाव तीच ठेवणार, म्हणून तिची वाट होती. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, "तिला म्हणलं चल, तर म्हणती तिसऱ्या पोरीच्या बारशाला काय यायचं? पोराच्या वेळी येते." मग पाणी प्याल्या, बाळावरचं दुपटं बाजूला करून पाहिलं, पुन्हा टाकलं. म्हणाल्या, "नाव मी ठरवूनच आलेय."

आणि त्यांनी ते नाव घेतलं. माझं नाव. माहेरचं.

ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांच्या गावी ही चाल आहे त्यांना न लिहिता कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांचं बरं आहे. अर्थ एवढाच की ही नको होती. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव ठेवतात. मग म्हणे देवाला कळतं, आता पुरे, आणि तो पुढच्या वेळी मुलगा देतो. देवाला निरोप धाडायचा आणि तो पोरीच्या अंगावर डागून धाडायचा. मी चौथी. माझ्यानंतर दीड वर्षानं भाऊ झाला. गावात सगळे म्हणाले, पोरीचा पायगुण चांगला. पायगुण चांगला म्हणाले, पण नाव कुणी बदललं नाही.

शाळेत मी चौथीपर्यंत गेले. मला शाळा आवडायची, हे कुणाला सांगितलेलं नाही. पाढे यायचे, कविता पाठ व्हायच्या. पण रोज सकाळी हजेरी असायची. मास्तर माझं नाव घ्यायचे आणि मागच्या रांगेतून एक पोरगा म्हणायचा, "मग आली कशाला?" वर्ग हसायचा. रोज तेच, तरी रोज हसायचा. एके दिवशी मास्तरांनीही मिशीत हसू दाबलं. मुलांचं हसणं मी सोसत होते, ते एक नाही सोसलं. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. घरात कुणी विचारलंही नाही. भावाचं करायला, त्याच्या मागे फिरायला कुणीतरी हवंच होतं.

लग्नात नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं यांनी नवं नाव काढलं तेव्हा मला रडू आलं. बायका म्हणाल्या, माहेर सुटतं म्हणून रडते. मी सुटले म्हणून रडत होते. पण कुणीतरी सासूबाईंच्या कानावर जुनं नाव घातलं. तेव्हापासून भाकरी करपली, उंबऱ्यावर पाय पडला, पहिली मुलगी झाली, दुसरी झाली, की त्या नवं नाव विसरायच्या.

तर त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अशी काय बघायलीस? तुझ्या बापानं ठेवलं तर पाठीवर पोरगा झाला का नाही? दुसरी साक्ष कशाला पाहिजे? तूच हायस की."

 आजवर जे मला टोचत आलं होतं, तेच माझ्या लेकीला टोचायला माझाच दाखला.

मी यांना बोलले. हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "आईचं मन कशाला मोडतीस? मी काय म्हणतो, शाळेत चांगलं मोठं नाव घालू. देवीचं घालू. घरात आई म्हणंल ते म्हणू दे. नावानं काय होतंय?"

"घरातलंच नाव चिकटतं," मी म्हणाले.

"पुढं मुलगा झाला म्हणजे विसरतील सगळे."

"माझं विसरले का?"

यांनी भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाले, "तुझं काय वाईट झालं?"

हे तसे वाईट माणूस नाहीत. कधी हात उगारला नाही, पगार घरात देतात. पण ते वाक्य मनात आलं की मी भांडी जोरात घासते.

माझं म्हणणं वेगळंच होतं. थोरलीला देवीचं नाव आहे, मधलीला नदीचं. दोन्ही लांबलचक, आणि दोन्ही घरात मोडून निम्मी झालेली. मोठं नाव नुसतं ठेवायचं असतं. हाक मारायला दुसरं लागतंच. त्या दुसऱ्या नावाच्या जागेतूनच सासूबाईंचं नाव आत येणार होतं. म्हणून मला मोठं नाव नकोच होतं. मला हाक मारायचंच नाव हवं होतं. आधीच एवढं छोटं आणि लाडाचं, की पुढे मोडता येणार नाही. पाळण्यातही तेच, शाळेतही तेच, हाकही तीच. दुसऱ्या नावाला जागाच ठेवायची नाही.

आणि ते नाव माझ्याकडे होतं. मनात मी बाळाला त्याच नावानं हाक मारतही होते. ते आक्काकडूनच आलं होतं. ती कारखान्याच्या एका साहेबाच्या बंगल्यावर दुधाचा रतीब घालायची. साहेबाला आधी तीन मुलगे होते, मग मुलगी झाली होती. आक्का गोठ्यात आली की धारा काढता काढता मोठ्यानं बोलत बसायची, ते मला लोटलेल्या दाराआड ऐकू यायचं, "सायबाची बबी आज दात दाखवत व्हती. बाई, काय ते लाड! आया कडंवरनं घेती, तर सायब आयाकडनं घेतो. भुईवर पाय न्हाई पोरीचा." बंगल्यात बेबी म्हणत असतील, आक्काच्या तोंडी बबी होतं. मला तर ते तसंच आवडलं. ज्या घरात मुलगी हवी होती त्या घरातलं नाव. माझ्या ओळखीत असलं दुसरं घर नव्हतं.

सासूबाईंपुढे प्रश्न होता आत्याचा. नणंद नाही तर कुणी तरी उभं राहायला हवं. वस्तीत आमच्या गावाकडची एकही बाई नव्हती. मग त्यांनीच आक्काला सांगितलं, "तुम्ही माझ्या लेकाला बहिणीसारख्या. तुम्हीच आत्या व्हा." आणि कोणतं नाव घ्यायचं तेही सांगितलं. आक्का म्हणाली, "व्हय, उभी ऱ्हाते की." मी आतून ऐकत होते. 

बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला रोज आक्काच यायची. बारशाच्या सकाळी ती पाटावर पाय लांब करून बसली, बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीला तेल चोळू लागली. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी शेगडीपाशी बसून होते.

"गप का गं?" आक्का म्हणाली. "दूध उतरंना का?"

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. रडतच बोलले. शाळा, हजेरी, मागच्या रांगेतला तो पोरगा, माझं जुनं नाव, सगळं एका दमात बाहेर आलं. हे नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. आक्काचे हात थांबले नाहीत. तेल जिरेपर्यंत चोळत राहिली. मग विचारलं, "तुला काय म्हनायचंय हिला?"

"बबी."

"सायबाची?"

"हो. एवढंच. दुसरं काहीच नाही."

ती हसली. मला वाटलं आता थट्टा होणार. पण म्हणाली, "ब्येस हाय. बांधावरनं हाक मारली तर पोचंल. माझ्या पोराचं नाव सासऱ्यानं येवढं लांब ठिवलंय, शेवटचं अक्षर म्हनंस्तवर त्ये पळून जातंय."

मग बाळाच्या अंगावर पाणी घालत, चेहऱ्यावर हात धरत, हळू आवाजात बोलली. "हे बघ पोरी. तू म्हननार न्हाईस, तुझा नवरा म्हननार न्हाई. घरातल्या मानसाचं चालत न्हाई यात. पाळन्यात आत्या म्हनंल त्येच नाव. कानात एकदा गेलं की सासू बी काढू शकत न्हाई. पर मी आत्या म्हनून उभी ऱ्हायले की मग मी आत्याच. आजच्यापुरती न्हाई. कळतंय का?"

मला तेव्हा ते कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

दुपारी बायका जमल्या. वस्तीतल्या, मळ्यातल्या, रुळांपलीकडच्या. पाळणा आक्काच्याच माळ्यावरचा, आढ्याला दोरानं टांगलेला. घुगऱ्या शिजवल्या होत्या. आधी वरवंट्याला झबलं घालून पाळण्याच्या खालून वरून फिरवला, मग बाळाला. बायका हसत होत्या, माझी मधली लेक वरवंट्याला झबलं घातलं म्हणून हटून बसली होती, तिलाही झबलं हवं होतं. मी पाटावर बसून सगळ्यांची तोंडं बघत होते.

"चला, आत्याबाई!" कुणीतरी म्हणालं.

आक्का पुढे झाली. पदर नीट केला, पाळण्यावर वाकली, दोन्ही हातांची ओंजळ बाळाच्या कानाशी धरली. सासूबाई तिच्या मागेच होत्या. आत्यानं नाव घेतलं की बायकांनी तिच्या पाठीत धपके घालायचे, ही सगळीकडची रीत. सगळ्यांनी हात तयार ठेवले होते.

"कुर्रर्र," आक्कानं कानात केलं. मग मान वर करून, मळ्यात माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, "बबी!"

बायका ओरडल्या आणि धपके सुरू झाले. हसणं, बांगड्या, घुगऱ्यांचं ताट कलंडलं. त्यातच सासूबाईंचा हात उठला. तो हात रीतीचा नव्हता. मूठ वळलेली होती. पहिला बसला तेव्हा आक्काचं कपाळ पाळण्याच्या दोराला लागलं. मग दुसरा. मग अजून. बायका हसतच होत्या. "म्हातारीचा जोर बघा की!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आजी खुश झाली जनू!" खोलीत एवढ्या बायका, आणि एका बाईला खरोखरीचं मारलं जातंय हे फक्त तिघींना माहीत होतं. मारणारीला, मार खाणारीला आणि मला. मी उठायला गेले तर शेजारच्या बाईनं मला धरलं, "बाळंतीण हायस, बस."

आक्का वळली नाही. पाळण्याचा दोर धरून वाकलेलीच राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अजून येक मारा, मावशी. नाव पक्कं बसू द्या."

सासूबाईंचा हात तिथंच थांबला.

बायका गेल्यावर तोंड फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं? परक्या बाईनं माझ्या घरात लुडबूड करायची?"

"आत्या तुमीच केलं मला. मी आले न्हवते दारात इचारायला."

"सांगितलेलं नाव घ्यायचं होतं!"

"सांगायचं कुनी बी सांगंल, घ्यायचं आत्यानं," आक्का म्हणाली. तिच्या कपाळावर दोराचा वळ होता. "कानापाशी त्वांड नेलं अन् मला लाज वाटली, मावशी. केवढासा तो कान. त्यात काय घालायचं याचा इचार नको का मानसानं?"

सासूबाईंनी तिच्यावर बोटं मोडली. "पुढं मुलगा झाला नाही तर ते पाप तुझ्या डोक्यावर!"

"ठिवा की. वैरनीचा भारा रोज असतोय, त्यावर ह्ये ठिवा." आणि माझ्याकडे वळून, जणू काहीच झालेलं नाही अशी, म्हणाली, "येते गं वैनी. पोरीला पदराखाली घे, भुकंजली ती."

वैनी. त्याआधी तिनं मला तसं कधी म्हटलं नव्हतं. आत्याला देण्यासाठी सासूबाईंनी एक खण आणला होता. तो त्यांनी तिच्यासमोरच पिशवीत परत घातला.

हे कामावरून आले तेव्हा सासूबाई गाठोडं बांधून बसलेल्या. यांनी दोघींचंही काही ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "माझ्या आईला बाहेरच्या बाईनं रडवलं." सकाळी त्यांना गाडीत बसवून आले आणि तिथून थेट चिंचवडला खोली बघायला गेले. महिना भरायच्या आत आम्ही कासारवाडी सोडली.

सामान हातगाडीवर चढवलं. हे पुढे चालू लागले. आक्का विहिरीपाशी उभी होती. मी जाऊन पाया पडले. "वन्सं," असं पहिल्यांदा म्हणाले. तिनं बबीच्या हनुवटीला हात लावला. म्हणाली, "हाक मारत जा तिला. सारखी मारत जा. घरात दुसरं कुनी न्हाई मारनार."

खरंच होतं ते. यांनी कितीतरी वर्षं पोरीला नावच घेऊन हाक मारली नाही. आईनं ठरवलेलं घ्यावं तर मी बघत असे, माझं घ्यावं तर आईचा अपमान. नुसतं "ए". "ए, पाणी आण." "ए, सरक." म्हणून मीच दिवसभर हाका मारत बसायचे. बबी, इकडे ये. बबी, बस. बबी, ऊठ. शेजारीण म्हणायची, "अहो, पोरगी समोरच आहे की!"

मग मुलगा झाला. त्या वेळी नणंद आली. वाळे आणले, टोपडं आणलं, गावभर साखर वाटली. त्याच्या बारशाला मांडव होता. त्याचं नाव एवढं मोठं ठेवलं की नणंद ते म्हणताना मध्ये अडखळली आणि सगळे कौतुकानं हसले. सासूबाई सांगत फिरत होत्या, "ह्यांनी नाव बदललं तरी मी पोरीला त्याच नावानं म्हणत होते, म्हणून देवानं ऐकलं." मुलगी झाली असती तर ते आक्काचं पाप ठरलं असतं. मुलगा झाला तर ती सासूबाईंची पुण्याई. माझं नऊ महिन्यांचं ओझं दोन्हीकडे कुठेच नव्हतं. माझं लेकरू आहे, मी त्याचा राग करत नाही. पण त्याला पाजताना मला माझा भाऊ आठवायचा, आणि मग मी बबीला जवळ ओढून बसवायचे.

गावी गेलं की सासूबाई बबीला त्या नावानं हाक मारतात. पोर मान वळवत नाही. मुद्दाम नाही. तिला खरंच वाटतं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. एकदा ओसरीवर ती खडे खेळत होती आणि सासूबाई आतून ओरडत होत्या, ओरडत होत्या, शेवटी बाहेर येऊन त्यांनी तिच्या पाठीत रट्टा घातला. "बहिरी झालीस का? कवाधरनं बोलवायलेय!"

बबी रडली नाही. गोंधळून म्हणाली, "मला कुठं बोलावलं?"

मी चुलीपाशी होते. धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं.

यंदा तिला शाळेत घातलं. चिंचवडच्या शाळेत मी यांच्याबरोबर गेले. जाऊ नको म्हणाले तरी गेले. मास्तरांनी विचारलं, "मुलीचं नाव?"

"बबी," मी म्हणाले.

"हे हाक मारायचं झालं. खरं नाव सांगा."

हे तोंड उघडत होते. यांनी मनात देवीचं नाव योजून ठेवलंय हे मला रात्रीपासून ठाऊक होतं. मी आधी बोलले, "हाक मारायचंही हेच आणि खरंही हेच."

"बाई, मोठी झाल्यावर हसतील हो तिला."

"मास्तर, कशाला हसतात ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "ह्याला नाही हसत."

मास्तरांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मास्तरांनी लिहिलं. हजेरीला बबी खणखणीत "हजर" म्हणते असं शेजारची मुलगी सांगते. मी दुपारी शाळेच्या कुंपणापाशी उभं राहून ऐकून आले आहे. हसत कुणी नाही. त्याच वर्गात आणखी एक बबी आहे.

हे आक्काला सांगायचं म्हणून मी संक्रांतीला हळदीकुंकवाचं निमित्त करून कासारवाडीला गेले. मळा तिथं नव्हता. तारेचं कुंपण होतं, आत विटांचे ढीग. पत्र्याची खोली, गोठा, काही नाही. रुळांपाशी गवत कापणारा एक म्हातारा म्हणाला, "जिमीन गेली की त्यांची. ती बाई पोराला घिऊन चऱ्होलीला ऱ्हाती भावाकडं. सासरच्यांत पैशाच्या वाटन्या झाल्या, त्यात तिचं काय न्हाई ऱ्हायलं." वाण हातातच राहिलं. भावाकडे! ज्या बाईचा शब्द सासू काढू शकत नव्हती, ती आता भावजयीच्या हातचं खाते. घरी येऊन यांना म्हणाले, चऱ्होलीला घेऊन चला. हे म्हणाले, "तिथं आता काय काम?"

काम आहे. बबीचं लग्न एक दिवस निघेल. तेव्हा नणंद येईल, आत्याचा मान मागेल, सासूबाई असतील तर त्याही बोलतील, आणि हे खिडकीबाहेर बघतील. मला ठाऊक आहे सगळं. माझी जीभ तेव्हाही चाचरेल. पण मानाचं लुगडं मी चऱ्होलीला स्वतः घेऊन जाईन. वन्सं, तोवर तुम्ही हातीपायी धड राहा. मांडवात आत्याचा पाट तुमचा आहे, आणि त्या दिवशी तुमच्या पाठीवर कुणाचा हात पडणार नाही. हे मी फेडीन.